नवख्याच्या पुढची पाच माणसं

अमेरिकेत सप्टेंबर लागला की फुटबॉलचा हंगाम सुरू होतो, आणि ऑक्टोबर उजाडेपर्यंत दोन-चार शहरांत तरी तोच जुना वाद पेटलेला असतो. एप्रिलच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, संघाने एकवीस-बावीस वर्षांचा क्वार्टरबॅक घेतलेला असतो. तो बाकावर असतो आणि तिशी उलटलेला कुणी अनुभवी गडी संघ चालवत असतो. संघ तीन सामने हरतो. चौथ्यात अनुभवी गड्याचा पास थेट प्रतिस्पर्ध्याच्या हातात जातो आणि साठ-सत्तर हजारांचं स्टेडियम बाकावरच्या पोराच्या नावाचा गजर करू लागतं. सोमवारी रेडिओवर दिवसभर तीच चर्चा. मग पत्रकार हेड कोचला विचारतात, तो तयार आहे का? कोचही ठरलेलं बोलतो: रोज सुधारतोय, वेळ आली की बघू.

एवढ्या चर्चेत मूळ प्रश्न कुणी तपासत नाही. पोरगा तयार आहे का, हे विचारताना तयारी हा त्याच्या अंगचा गुण आहे आणि बाकावर बसून तो हळूहळू पिकतो, असं आपण धरून चालतो. गेल्या पंचवीसएक वर्षांतल्या नवख्यांच्या कहाण्या शेजारीशेजारी ठेवल्या तर हे गृहीतक टिकत नाही. तयार असावा लागतो संघ. नवख्याला कधी उतरवायचं याचं उत्तर त्याच्यापुढे उभी राहणारी पाच माणसं आणि त्याच्या कानात बोलणारा एक माणूस यांच्याकडे बघून द्यायला हवं.

हा खेळ न पाहिलेल्या वाचकासाठी थोडं सांगावं लागेल. मैदानात प्रत्येक बाजूचे अकरा जण असतात. एकेक डाव पाच-सहा सेकंदांत संपतो, पण त्याआधीच्या चाळीस सेकंदांत डाव चालवणाऱ्या क्वार्टरबॅकला जे करावं लागतं त्याला तोड नाही. हेल्मेटमधल्या रेडिओवर कोचचा आवाज येतो. घड्याळात पंधरा सेकंद उरले की तो बंद होतो. ऐकलेला लांबलचक सांकेतिक हुकूम क्वार्टरबॅक दहा जणांना सांगतो, रेषेवर उभा राहतो, समोरच्या अकरांची मांडणी वाचतो, हल्ला कुठून येईल याचा अंदाज बांधतो, गरज पडली तर हुकूम बदलतो. चेंडू हातात आल्यावर त्याला मिळतात जेमतेम अडीच-तीन सेकंद. तेवढ्यात कुणाकडे फेकायचं ते ठरवून फेकायचं. ही अडीच सेकंदं त्याला मिळवून देतात ती पुढची पाच धिप्पाड माणसं: मधला सेंटर, त्याच्या दोन बाजूंना गार्ड, टोकाला दोन टॅकल. एकेकाचं वजन एकशे चाळीस किलोच्या आसपास. ही फळी फुटली की क्वार्टरबॅक चेंडूसकट जमिनीवर. त्याला म्हणतात सॅक.

क्रिकेटमध्ये नवख्याला सहाव्या क्रमांकावर पाठवता येतं, दुबळ्या संघाविरुद्ध पदार्पण देता येतं, आणि कसोटीच्या अकरांत जागा नसेल तर तो मुंबईकडून नाहीतर महाराष्ट्राकडून रणजी खेळतो, धावा करत राहतो. क्वार्टरबॅकला सहावा क्रमांक नाही आणि रणजीही नाही. एनएफएलने, म्हणजे याच व्यावसायिक लीगने, युरोपात चालवलेली छोटी लीग 2007 मध्ये बंद पडली. कर्ट वॉर्नर तिथूनच, ॲम्स्टरडॅमकडून खेळून, वर आला होता. आता बाकावरचा पोरगा बाकावरच असतो, दुसरीकडे कुठे त्याचा हात चालू राहत नाही.

सरावातही नाही. आठवडाभराच्या सरावातले जवळपास सगळे डाव रविवारी खेळणाऱ्याच्या वाट्याला जातात. बाकावरचा पुढच्या प्रतिस्पर्ध्याची नक्कल करतो, म्हणजे आपल्याच बचावफळीला सराव मिळावा म्हणून दुसऱ्यांचे डाव चालवतो. 2011 च्या खेळाडू-मालक करारानंतर दिवसातून दोनदा होणारे कडक सराव गेले, आणि हंगामभरात पूर्ण पॅड बांधून करायच्या सरावांवर चौदाची मर्यादा आली. 2021 मध्ये सतरा सामन्यांचा हंगाम झाला तेव्हा सराव सामने चारावरून तीनवर आले. खेळाडूंची शरीरं वाचावीत म्हणून हे झालं आणि ते योग्यच होतं. पण ‘दोन वर्षं बसून शिकू दे’ म्हणणारे ज्या बाकाबद्दल बोलतात तो बाक तेव्हाच मोडीत निघाला, हे त्यांच्या ध्यानात येत नाही.

तरी ते म्हणतात, ॲरन रॉजर्सकडे बघा. बघूच. 2005 च्या ड्राफ्टमध्ये दोन क्वार्टरबॅकांची चर्चा होती. सॅन फ्रान्सिस्कोने पहिला क्रमांक खर्चून युटा विद्यापीठाच्या ॲलेक्स स्मिथला घेतलं. त्याच भागात वाढलेला, बर्कलीत खेळलेला रॉजर्स न्यूयॉर्कमध्ये कॅमेऱ्यांसमोर तासन्‌तास बसून राहिला आणि चोविसाव्या क्रमांकावर ग्रीन बेला गेला. तिथे ब्रेट फार्व्हच्या मागे त्याने तीन हंगाम काढले, 2008 मध्ये सूत्रं हाती घेतली आणि 2010 च्या हंगामाचा सुपर बोल, म्हणजे विजेतेपदाचा सामना, जिंकला. स्मिथला मात्र पहिल्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये उतरवलं. पहिल्या सामन्यात त्याचे चार इंटरसेप्शन झाले, म्हणजे चार पास प्रतिस्पर्ध्यांच्या हातात गेले. वर्षाअखेरीस हिशोब होता एक टचडाउन, अकरा इंटरसेप्शन. यावरून धडा काढला गेला की जो बसला तो तरला आणि जो घाईने उतरला तो बुडाला.

या गोष्टीत तिसरा माणूस आहे, त्याचं नाव कुणी घेत नाही. माइक मॅकार्थी. 2005 मध्ये तो सॅन फ्रान्सिस्कोचा ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर होता, म्हणजे स्मिथला डाव शिकवणारा गुरू. जानेवारी 2006 मध्ये तो ग्रीन बेचा हेड कोच झाला आणि पुढे वर्षानुवर्षं रॉजर्सला शिकवत राहिला. स्मिथच्या नशिबी आले नॉर्व्ह टर्नर, जिम हॉस्लर, माइक मार्ट्झ, जिमी रे. 2005 ते 2009 या पाच हंगामांत पाच कोऑर्डिनेटर, म्हणजे दर वर्षी नवी भाषा आणि नवं प्लेबुक. त्यात खांद्याची दुखापत. 2011 मध्ये जिम हार्बॉ आला, त्याने एक सुसंगत पद्धत दिली, आणि त्याच स्मिथने संघाला सोळापैकी तेरा सामने जिंकून दिले. रॉजर्स बसला हे खरं, पण तो बसला एका स्थिर घडी बसलेल्या संघात. आदल्या वर्षी ग्रीन बेने सोळापैकी दहा सामने जिंकले होते, सॅन फ्रान्सिस्कोने दोन. या दोघांतला फरक बाकाच्या खात्यावर मांडायचा की संघाच्या?

खरी गोम इथेच आहे. ड्राफ्टचा नियमच असा की आदल्या वर्षी जो सर्वांत वाईट, त्याला पहिली निवड. म्हणजे सर्वांत गुणी पोरगा सर्वांत मोडकळीला आलेल्या संघात जातो आणि तिथे दुसरा कुणी नसल्यामुळे लगेच खेळतो. ज्या संघाकडे भरवशाचा क्वार्टरबॅक आधीच आहे तो बहुधा चांगला संघ असतो. त्याची निवड उशिरा येते आणि त्याचा पोरगा बसतो. पॅट्रिक माहोम्स 2017 मध्ये कॅन्सस सिटीकडे गेला तेव्हा त्या संघाने आदल्या हंगामात बारा सामने जिंकले होते. सत्ताविसाव्या क्रमांकावरून दहाव्यावर उडी मारायला त्यांनी बफलोला किंमत मोजली. तेव्हा ‘बसलेले विरुद्ध खेळलेले’ अशी तुलना आपण करतो, ती प्रत्यक्षात चांगल्या आणि वाईट संघांची तुलना होते.

शिवाय बसून बुडालेल्यांना कोण मोजतं? ब्रेडी क्विन बसला, जेक लॉकर पहिलं वर्ष अनुभवी मॅट हॅसलबेकच्या मागे बसला, पॅक्स्टन लिंचही बसला. त्यांच्या नावाने कुणी संयमाची महती गात नाही. उलट जॉर्डन लव्ह ग्रीन बेमध्ये तीन वर्षं बसला आणि पुढे चमकला, पण तिसऱ्या वर्षाच्या शेवटी त्याच्या करारातला पाचव्या वर्षाचा पर्याय वापरायचा की नाही हे ठरवायची वेळ आली तेव्हा संघाने तो वापरला नाही, एका वर्षाची मधली वाढ देऊन मोकळे झाले. तीन वर्षं रोज डोळ्यांसमोर असूनही त्यांना खात्री नव्हती. बाकावर बसलेल्या माणसाबद्दल एवढंच कळतं.

कोचांना तरी कळतं का? माझा या बाबतीतला संशय वर्षागणिक वाढत गेला आहे. मोठमोठ्या क्वार्टरबॅकांचा पहिला दिवस कुणी ठरवला ते बघा. 2001 मध्ये न्यू इंग्लंडने ड्रू ब्लेडसोला दहा वर्षांचा, दहा कोटी डॉलरांहून मोठा करार दिला होता. सप्टेंबरमध्ये तो जबर जखमी झाला म्हणून 199 व्या क्रमांकावर घेतलेला टॉम ब्रेडी उतरला. 2004 मध्ये पिट्सबर्गचा टॉमी मॅडॉक्स दुसऱ्याच सामन्यात दुखावला म्हणून बेन रॉथलिसबर्गर आला आणि त्याने नियमित हंगामातले आपले तेराच्या तेरा सामने जिंकले. 2016 मध्ये टोनी रोमोची पाठ गेली म्हणून डॅलसला डॅक प्रेस्कॉट सापडला. 2018 मध्ये जो फ्लॅकोचं कंबरेचं दुखणं निघालं तेव्हा बॉल्टिमोरने लमार जॅक्सनला उतरवलं; त्याने उरलेल्या सातपैकी सहा सामने जिंकले आणि पुढच्या वर्षी तो एकमताने सर्वोत्तम खेळाडू ठरला. 2022 च्या ड्राफ्टमध्ये अगदी शेवटच्या, 262 व्या क्रमांकावर घेतलेला ब्रॉक पर्डी डिसेंबरात मैदानात आला तो पुढचे दोघे जायबंदी झाल्यामुळे.

सगळ्यांत विलक्षण गोष्ट जस्टिन हर्बर्टची. 20 सप्टेंबर 2020, लॉस एंजेलिस चार्जर्सचा हंगामातला दुसरा सामना. बरगड्या दुखत होत्या म्हणून टायरॉड टेलरला सामन्याआधी वेदनाशामक इंजेक्शन दिलं गेलं आणि देणाऱ्या डॉक्टरकडून चुकून त्याच्या फुप्फुसालाच छिद्र पडलं. सामना सुरू होता होता हर्बर्टला कळलं की आपण खेळायचंय. समोर गतविजेतं कॅन्सस सिटी. त्याने तीनशे अकरा यार्ड पास फेकले, सामना जादा वेळेत गेला, संघ तीन गुणांनी हरला. त्यानंतरही कोच अँथनी लिन म्हणत होता की टेलर पूर्ण बरा झाला की तोच खेळेल. हर्बर्ट त्या वर्षीचा सर्वोत्तम नवखा ठरला. ऑगस्टपासून रोज सरावात त्याला बघणाऱ्या कोचला जे दिसलं नव्हतं ते एका अपघाताने दाखवलं. पोराची तयारी सरावात ओळखता येते या दाव्यावर, हे सगळं बघितल्यावर, मी फारसा विश्वास ठेवत नाही.

मग सगळ्यांना पहिल्या दिवशीच ढकलून द्यावं का? तसंही नाही, आणि इथे जरा थांबायला हवं, कारण ‘चुकांतूनच शिकतो’ हे वाक्य फार सैलपणे वापरलं जातं.

1998 मध्ये इंडियानापोलिसने पेटन मॅनिंगला पहिल्या क्रमांकावर घेतलं आणि सोळाच्या सोळा सामने खेळवलं. संघ तेरा हरला. मॅनिंगचे इंटरसेप्शन झाले अठ्ठावीस. नवख्यांमधला हा विक्रम अजून कुणी मोडलेला नाही. पुढच्या वर्षी हाच संघ तेरा सामने जिंकला. म्हणून अठ्ठावीस हा आकडा सगळ्यांना पाठ आहे. मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो बावीस: त्या अख्ख्या हंगामात मॅनिंग एवढ्याच वेळा सॅक झाला. म्हणजे तो उभा होता. तो बघत होता, चुकीचं वाचत होता, फेकत होता, सोमवारी फिल्म लावून कुठे फसलो ते शोधत होता आणि पुढच्या रविवारी पुन्हा उभा राहत होता. शिकवायला टॉम मूर होता, आणि तो त्यानंतर दहा वर्षांहून अधिक काळ त्याच्याच कानात बोलत राहिला.

चार वर्षांनी ह्यूस्टनला नवा संघ सुरू झाला. त्यांनीही पहिल्या क्रमांकावर क्वार्टरबॅक घेतला: डेव्हिड कार. संघ उभा करताना इतर संघांतून खेळाडू निवडायची जी सोय नव्या संघाला मिळते, तिच्यात ह्यूस्टनने पहिलं नाव घेतलं होतं टोनी बोसेलीचं, त्या काळातल्या सर्वोत्तम टॅकलपैकी एक. पण बोसेलीचा खांदा गेलेला होता. तो ह्यूस्टनकडून एकही सामना खेळला नाही. कारने पहिलाच सामना डॅलसविरुद्ध जिंकला, गाव नाचलं, आणि मग त्या हंगामात तो शहात्तर वेळा सॅक झाला. हाही विक्रमच. पाच वर्षांत दोनशे एकोणपन्नास वेळा. कारला मैदानावर शिकायला काय मिळालं? फेकायच्या आधी डोळे खाली घ्यायला, कडेकडून येणाऱ्या पावलांचा कानोसा घ्यायला, मोकळा खेळाडू दिसायच्या आत पळायला. चुकीतून माणूस शिकतो तसा मारातूनही शिकतो, फक्त दुसरंच काहीतरी. ते नंतर पुसता येत नाही. (पुढे न्यूयॉर्क जायंट्समध्ये ईलाय मॅनिंगचा राखीव म्हणून त्याच्या बोटात सुपर बोलची अंगठी आली, त्याचं मला उगाच बरं वाटलं.)

जाणकार इथे हरकत घेतील की सॅकचा दोष फक्त फळीचा नसतो. चेंडू हातात जास्त वेळ धरणारा क्वार्टरबॅक चांगल्या फळीमागेही सॅक होतो, आणि कारला ती सवय होती. मान्य. जो बरो 2021 मध्ये एक्कावन्न वेळा सॅक झाला आणि तरी सिनसिनाटीला घेऊन सुपर बोलपर्यंत गेला, हेही मान्य. पण बरोचं ते दुसरं वर्ष होतं. पहिल्या वर्षी, 2020 च्या नोव्हेंबरात, तशाच कच्च्या फळीमागे त्याच्या गुडघ्याचे स्नायुबंध फाटले होते. आणि ज्याला चेंडू धरून ठेवायची सवय आहे त्याला तर फुटक्या फळीमागे उभं करणं अधिकच चूक.

माझ्या म्हणण्याचा सर्वांत स्वच्छ पुरावा जॅरेड गॉफ. 2016 मध्ये रॅम्सने त्याला पहिल्या क्रमांकावर घेतलं आणि नऊ सामने केस कीनमच्या मागे बसवलं. म्हणजे तो बसून शिकला, असं म्हणायला हवं. मग संघ घसरू लागला तेव्हा त्याला उतरवलं. सात सामने, सात पराभव, सव्वीस सॅक. कोच जेफ फिशरची नोकरी हंगाम संपायच्या आत गेली. गॉफ वाया गेला असं बहुतेकांनी लिहून टाकलं. 2017 मध्ये जेमतेम तिशीचा शॉन मॅक्‌व्हे कोच म्हणून आला. डाव्या टॅकलला पस्तिशीचा अँड्र्यू व्हिटवर्थ आणला, मध्ये सेंटर म्हणून जॉन सलिव्हन. पोरगा तोच. पंधरा सामन्यांत पंचवीस सॅक, अठ्ठावीस टचडाउन, सात इंटरसेप्शन, संघाचे अकरा विजय. त्याच्या पुढच्या हंगामात सुपर बोलपर्यंत मजल. एका उन्हाळ्यात पोरगा तयार झाला असं ज्याला म्हणायचं त्याने म्हणावं. मला तर त्याच्या आजूबाजूची माणसं बदललेली दिसतात.

यातून ‘बसवा’ आणि ‘खेळवा’ या दोन्ही पक्षांचा वाद अर्धाअधिक निकालात निघतो. 2023 च्या ड्राफ्टमधले पहिले दोघे, ब्राइस यंग आणि सी. जे. स्ट्राउड, दोघेही पहिल्या सामन्यापासून खेळले. स्ट्राउडच्या ह्यूस्टनने सतरापैकी दहा जिंकले, यंगच्या कॅरोलायनाने दोन. उतरवायची तारीख एकच, निकाल दोन टोकांचे. प्रामाणिकपणे सांगायचं तर त्या वर्षी ह्यूस्टनची फळीही दुखापतींनी गळत होती. पण कोऑर्डिनेटर बॉबी स्लोविकने बसवलेली पद्धत अशी होती की चेंडू वेळेत सुटायचा, आणि पकडायला निको कॉलिन्स, टँक डेल असे मोकळे होणारे गडी होते. पाच माणसं कमी पडली तर कानातला आवाज तरी नीट हवा. दोन्ही नसतील तर पोराला पाठवणं हा निष्काळजीपणा आहे.

मग संघ असं का वागतात? कोच मूर्ख नसतात. फिल्म आपल्यापेक्षा शंभरपट अधिक बघतात. अडचण पैशात आणि नोकरीत आहे. 2010 मध्ये पहिल्या क्रमांकाच्या सॅम ब्रॅडफर्डला पाच कोटी डॉलरांची हमी मिळाली. 2011 च्या करारात नवख्यांच्या पगारावर पट्टी आली आणि त्या वर्षीच्या कॅम न्यूटनला चार वर्षांचे मिळून सुमारे दोन कोटी वीस लाख. एका रात्रीत क्वार्टरबॅक स्वस्त झाला. संघांच्या एकूण पगारावर मर्यादा असल्यामुळे स्वस्त क्वार्टरबॅक म्हणजे उरलेल्या पैशांत इतर बावन्न जण चांगले. सिअॅटलने 2013 च्या हंगामाचा सुपर बोल जिंकला तेव्हा तिसऱ्या फेरीतला रसेल विल्सन वर्षाला दहा लाख डॉलरांपेक्षाही कमी घेत होता. तेव्हापासून प्रत्येक मालकाच्या डोक्यात हिशोब बसला: चार स्वस्त वर्षं आहेत, त्यातलं एक बाकावर घालवणं म्हणजे नुकसान.

हा हिशोब कागदावर बरोबर आहे. पण स्वस्त क्वार्टरबॅकमुळे वाचलेला पैसा आधी फळीवर जायला हवा, तो नंतर जातो. आणि चारपैकी एक वर्ष वाचवण्याच्या नादात चारही जातात त्याचं काय? कॅन्सस सिटीने माहोम्सच्या स्वस्त वर्षांतलं एक वर्ष खुशाल बाकावर घालवलं. 2018 मध्ये त्याने पन्नास टचडाउन पास फेकले आणि सर्वोत्तम खेळाडूचा मान घेतला.

त्या 2017 च्या हंगामात एक आठवण्याजोगा क्षण आहे. कॅन्सस सिटीने पहिले पाच सामने जिंकले, मग सातपैकी सहा हरले. क्वार्टरबॅक होता तोच ॲलेक्स स्मिथ, बाकावर माहोम्स. सगळीकडून एकच ओरड: पोराला आणा. अँडी रीड हलला नाही. स्मिथने शेवटचे सामने जिंकून संघ प्लेऑफला नेला, त्या वर्षी पासिंगच्या गुणांकनात तो अख्ख्या लीगमध्ये पहिला आला. माहोम्सला एकच सामना मिळाला, 31 डिसेंबरला डेनव्हरमध्ये, जेव्हा निकालाने काही बिघडणार नव्हतं. मला यात संयमापेक्षा वेगळी गोष्ट दिसते. रीडने पराभवाला निर्णय घेऊ दिला नाही. हरतोय म्हणून पोराला आणणं याचा अर्थ संघ सर्वांत विस्कळीत असताना, फळीतले दोघे जायबंदी असताना, कोचची खुर्ची हलत असताना त्याला पाठवणं. गॉफला असंच पाठवलं होतं. नोकरी जायच्या बेतात असलेला कोच तर पोराचा ढाल म्हणून वापर करतो: नवखा खेळवतोय म्हटलं की मालक आणखी एक वर्ष देईल अशी आशा.

न्यूयॉर्क जायंट्सचा टॉम कॉफ्लिन या बाबतीत अपवाद वाटतो. 2004 मध्ये पाच विजय, चार पराभव अशी स्थिती असताना त्याने कर्ट वॉर्नरला काढून ईलाय मॅनिंगला आणलं. ईलाय सातपैकी सहा सामने हरला; बॉल्टिमोरमध्ये तर अठरा पासांपैकी चार पोचले. कॉफ्लिनने त्याला मागे घेतलं नाही आणि पुढच्या वर्षी संघ अकरा सामने जिंकला. म्हणजे हंगामाच्या मध्येही उतरवता येतं, पण उतरवणाऱ्याची खुर्ची शाबूत हवी आणि पुढच्या वर्षीही तोच माणूस तिथे असायला हवा.

लॉकर रूमचा विचार या चर्चेत शेवटी येतो, तो आधी यायला हवा. एकतीस वर्षांचा गार्ड, गुडघ्यावर दोन शस्त्रक्रिया झालेला, त्याला ‘पुढच्या वर्षी’ नावाची चीज नसते. पोराच्या शिक्षणासाठी त्याचा एक हंगाम खर्च होतो. आणि ज्याला बाजूला सारलं जातं त्याचं? टायरॉड टेलरचंच नाव पुन्हा घ्यावं लागतं. 2018 मध्ये क्लीव्हलंडमध्ये तो डोक्याला मार लागून बाहेर गेला, बेकर मेफील्ड आला, चौदा गुणांची पिछाडी भरून काढून सामना जिंकला. सहाशे पस्तीस दिवसांनी त्या संघाचा तो पहिला विजय, त्यामुळे शहर रात्रभर जागलं. टेलर पुन्हा तिथे पहिला झाला नाही. दोन वर्षांनी हर्बर्टच्या वेळी तेच. अशा गड्याला तिकडे ‘ब्रिज’ म्हणतात, म्हणजे पूल, आणि पुलाने तक्रार करायची नसते असा संकेत आहे. चांगला पूल असला तर नवखा त्याच्याकडून फिल्म कशी बघायची, आठवडा कसा आखायचा हे शिकतो; माहोम्सने स्मिथकडून हे घेतलं. बाकाचा मला मान्य असलेला फायदा एवढाच, आणि तोही शिकवणारा असेल तरच.

आता कॅरोलायनाकडे येतो, कारण आधी पोरगा आणि मग फळी हा सगळा उलटा क्रम एका संघात बघायचा तर तिथे. 2023 मध्ये पहिला क्रमांक मिळवायला त्यांनी शिकागोला दोन निवडी त्या वर्षीच्या दिल्या, पुढच्या दोन वर्षांच्या आणखी दोन दिल्या, आणि वर डी. जे. मूर दिला. मूर त्यांचा सर्वोत्तम रिसीव्हर. म्हणजे फेकणारा विकत घेताना त्यांनी झेलणारा विकला. यंगला पहिल्याच रविवारी उतरवलं. तो बासष्ट वेळा सॅक झाला. अकरा सामने झाल्यावर हेड कोच फ्रँक राइखला काढलं. शिकागोला दिलेली पुढच्या वर्षीची निवड, संघ इतका हरल्यामुळे, पहिल्या क्रमांकाची निघाली. तिच्यातून शिकागोने केलेब विल्यम्स घेतला आणि त्यालाही पहिल्याच सामन्यापासून उभं केलं. तो अडुसष्ट वेळा सॅक झाला. तिथेही हंगामाच्या मध्ये आधी कोऑर्डिनेटर गेला, मग हेड कोच.

2024 च्या मार्चमध्ये, म्हणजे यंगने एक वर्ष मार खाल्ल्यावर, कॅरोलायनाने रॉबर्ट हंट नावाचा गार्ड पाच वर्षांसाठी दहा कोटी डॉलरांना आणला आणि दुसरा गार्ड डेमियन लुईस पाच कोटींहून अधिकला. कोचही नवा आणला, डेव्ह कनालिस. पण यंग तेव्हा आदल्या वर्षाचा भार घेऊन आला होता. पहिले दोन सामने इतके वाईट गेले की कनालिसने त्याला बसवून अनुभवी अँडी डॉल्टनला उतरवलं. डॉल्टनचा अंगठा कार अपघातात दुखावला म्हणून ऑक्टोबरअखेर यंग परत आला, आणि नव्या फळीमागे हळूहळू उभा राहिला. शेवटच्या सामन्यात त्याने अटलांटाला त्यांच्याच मैदानावर जादा वेळेत 44-38 हरवलं. एकदा उतरवलं की मागे घेऊ नये असं मी एरवी म्हणतो. इथे ते पाच-सहा आठवडे बाहेर बसणं त्याला मानवलं असावं, हे मला कबूल करावं लागेल. शिकागोनेही 2025 च्या वसंतात फळीच्या मध्यभागासाठी तीन माणसं आणली: जो थूनी, जोना जॅक्सन, ड्रू डॅलमन.

दोन्ही संघांनी गार्ड आणले ते क्वार्टरबॅकनंतर एक वर्षाने. आधी आणायला पैशाची अडचण नव्हती. नवखा स्वस्त असतो, आणि गार्ड दर मार्चमध्ये बाजारात मिळतात. ड्राफ्ट त्यानंतर महिन्याभराने एप्रिलमध्ये होतो.